रक्त थांबलं, तरी उपचार थांबवू नका

पत्राचा सारांश : सत्तरी तालुक्यात माहेर असलेल्या आणि लग्नानंतर बार्देशात राहणाऱ्या ३४ वर्षांच्या वाचक लिहितात, की त्यांची आई ५६ वर्षांची आहे. वडील नाहीत, ती धाकट्या भावाकडे असते. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा रक्त जायला लागलं, पण लाजेपायी तिनं काही महिने कुणाला सांगितलं नाही. तुकडा काढून तपासल्यावर गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्टेज ३बी. डाव्या मूत्रपिंडाला सूज आहे, हिमोग्लोबिन ७.९ आहे. डॉक्टरांनी २५ वेळा शेक (म्हणजे किरणोपचार), दर आठवड्याला एक केमो आणि शेवटी आतून शेक असं सांगितलं आहे. आईला मात्र 'आत जखम आहे' एवढंच ठाऊक आहे. भाऊ म्हणतो, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे, मग सुरू करू. मामा म्हणतात, मुंबईला टाटात न्या, नाहीतर सरळ पिशवी काढून टाका. शेजारी सांगतात, तिसऱ्या स्टेजला शेक दिला की माणूस खंगतं, हाल कशाला करता? वहिनीनं आईचं ताट-तांब्या वेगळं केलंय. वाचक विचारतात : 'तिसरी स्टेज म्हणजे संपलंच का? आईला सांगावं का? आणि एवढी धावपळ करून खरंच काही फरक पडणार आहे का?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण घरातल्या बाकीच्या वादांची गाठ तिथेच आहे. फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं नेमक्या तुमच्या आईच्या स्टेजच्या, म्हणजे ३बीच्या, ८५० बायकांवर एक अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. म्हणजे 'तिसरी स्टेज म्हणजे संपलं' हे खरं नाही. त्याचबरोबर, निम्म्याच्या आसपास बायका पाच वर्षं गाठत नाहीत, हेही तुमच्यापासून लपवून चालणार नाही. तुमची आई कुठल्या निम्म्यात जाईल हे आज कुणीही सांगू शकणार नाही. पण ती कुठल्या निम्म्यात जाण्याची शक्यता जास्त, यावर घरच्यांच्या हातात असलेल्या बऱ्याच गोष्टींचा परिणाम होतो.

स्टेज एकदा ठरली की सगळं ठरलं, असं तुमच्या पत्रातली सगळीच माणसं गृहीत धरतात. देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या बायकांचा हिशेब मांडला, तेव्हा या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सरासरी ५१.७ टक्के निघालं. पण अहमदाबाद शहरात ते ६१.५ टक्के होतं आणि त्रिपुरात ३१.६. रोग एकच, औषधंही तीच. मग एवढी तफावत का? बाई कुठल्या स्टेजला इस्पितळात पोचली, यंत्र घरापासून किती दूर होतं, सोबत यायला माणूस होतं का, मजुरी बुडल्यावर घर कसं चाललं, ठरलेला शेक पुरा झाला की मधेच सुटला, असल्या गोष्टींनी माणसं जगतात किंवा जातात. यातली पहिली गोष्ट आईच्या बाबतीत होऊन गेली. बाकीच्या अजून तुमच्या हातात आहेत.

त्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवस. पहिल्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत सगळे उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, पुरे व्हायला हवेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक याप्रमाणे २५ शेकांना पाच आठवडे लागतात, आतला शेक उरलेल्या तीन आठवड्यांत बसवायचा. ही मुदत ओलांडली की लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग जागच्या जागी आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्क्यानं कमी होते. कारण सोपं आहे : शेकाचा मारा थांबला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, आणि अर्धवट मार खाल्लेल्या पेशी अधिक वेगानं वाढतात. सुरुवातीला लांबवलेले दिवसही रोगालाच मिळतात. त्यातून आईचं एक मूत्रपिंड आधीच तुंबलेलं. चवथीपर्यंत थांबलात आणि दुसऱ्या बाजूची नळीही दाबली गेली, तर केमो द्यायचा मार्गच बंद होऊ शकतो.

म्हणून भावाला चवथ टाळायला सांगू नका, क्रम बदलायला सांगा. उपचार आत्ताच सुरू झाले तर चवथ मधल्या आठवड्यांत येईल. आई पाटावर बसून गणपतीवरच्या माटोळीला (फळा-पानांच्या मांडवीला) काय कुठे बांधायचं ते सांगू शकेल, आरतीला बसू शकेल. करंज्या-मोदक दुसऱ्या कुणी करायचे. फक्त पहिल्याच भेटीत शेकाच्या विभागात विचारा : 'चवथीच्या सुटीत बुडणारे शेक कसे भरून काढणार?' त्याची सोय असते. शनिवारी शेक देतात, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोन देतात. न विचारता गेलं तर बुडालेले दिवस नुसते शेवटाला जोडले जातात आणि ५६ दिवस सरतात.

आता आईला सांगायचं की नाही. तिला धक्का बसू नये म्हणून तुम्ही गप्प आहात, हे कळतं. पण न सांगण्यातला धोका तुम्हाला वाटतो तिथे नाही. शेक सुरू झाल्यावर बहुतेकींचं रक्त एक-दोन आठवड्यांत थांबतं. मग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात, लघवीला जळजळ होते, थकवा येतो. ज्या बाईला 'जखम आहे' असं सांगितलंय, ती या टप्प्यावर म्हणते, जखम भरली, रक्त बंद झालं, आता हा त्रास कशाला? तिचं म्हणणं तिच्या माहितीप्रमाणे बरोबरच असतं. उपचार अर्धवट सुटतात ते बरेचदा असे. आणि सुटतो तो नेमका आतला शेक, कारण तो शेवटी येतो आणि त्याची भीतीही जास्त वाटते.

हा आतला शेक, डॉक्टरांच्या भाषेत ब्रॅकीथेरपी, ही शेवटची वरवरची फेरी नसते. बाहेरून दिलेल्या शेकाची मात्रा ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढी असते. पिशवीच्या तोंडाशी असलेली गाठ मारायला एकूण ८०-८५ ग्रेच्या पुढे जावं लागतं. एवढी मात्रा बाहेरून दिली तर आतडी आणि मूत्राशय भाजून निघेल. म्हणून भूल किंवा गुंगी देऊन योनीमार्गातून बारीक पोकळ नळ्या थेट गाठीपाशी बसवतात, किरणांचा स्रोत काही मिनिटं आत जातो आणि बाहेर येतो. असं दोन ते पाच वेळा करतात. नेमक्या किती वेळा ते केंद्रावर अवलंबून असतं. हा भाग गाळला तर आधीच्या पाच आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. पहिला शेक घ्यायच्या आधीच विचारा, आतला शेक याच केंद्रात होतो का? होत नसेल तर कुठे, आणि तारीख कोण घेणार? ती तारीख तिसऱ्या आठवड्याच्या आत पक्की करून घ्या.

तेव्हा आईला सांगा. इस्पितळातल्या पाट्या आणि आजूबाजूचे रुग्ण पाहून तिला अंदाज येणारच आहे, कदाचित आलाही असेल. घरातल्या निवांत वेळी, भाऊ आणि तुम्ही दोघं असताना, साध्या शब्दांत सांगा : 'आई, पिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालाय. त्यावर उपचार आहेत आणि ते बरं होण्यासाठीच द्यायचे ठरलेत. दोन महिने लागतील. मधे रक्त थांबेल, तरी आपण थांबायचं नाही.' एवढं पुरे. टक्केवारी तिनं विचारली तरच सांगा. ती रडेल. रडू द्या, लगेच विषय बदलू नका. संमतीपत्रावर सही तिची असते, शरीर तिचं आहे. तिला माहीत असेल तर तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच बसमध्ये चढेल.

हिमोग्लोबिन ७.९ ही गोष्ट याच आठवड्यात हाताळायची आहे. रक्त कमी असलं की गाठीला प्राणवायू कमी पोचतो, आणि प्राणवायू नसलेल्या पेशींवर किरणांचा परिणाम कमी होतो. म्हणून बरीच केंद्रं उपचारांच्या काळात हिमोग्लोबिन १०च्या वर ठेवतात. लोहाच्या गोळ्या देऊन 'दोन महिन्यांनी या' असं कुणी म्हटलं तर ते ऐकू नका. गोळ्यांनी रक्त हळूहळू वाढतं, आणि रक्तस्राव चालू असताना तर वाढलेलं निघूनही जातं. एका पिशवी रक्तानं हिमोग्लोबिन साधारण एकनं वाढतं. म्हणजे दोन-तीन पिशव्या लागतील असं धरा. त्यासाठी भावाचे मित्र, वाड्यावरची मुलं आधीच सांगून ठेवा.

मूत्रपिंडाबद्दल डॉक्टरांना विचारायचा प्रश्न : 'क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, आणि नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करायची गरज आहे का?' सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर भार टाकतं. मूत्रपिंडं चालत नसतील तर ते देता येत नाही, दुसरं औषध किंवा नुसता शेक यावर भागवावं लागतं. तोवर गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन आईला देऊ नका, त्या मूत्रपिंडाला आणखी मारतात. झाडपाल्याचे काढे आणि भस्मं यांबद्दलही तेच. कुणी कितीही प्रेमानं आणून दिली, तरी हे दोन महिने नकोत. एचआयव्हीची तपासणी सांगितली तर दचकू नका, ती सगळ्यांचीच करतात. आणि आणखी एक विचारा : शेकाच्या आधी सहा आठवडे हलका केमो देण्याची एक पद्धत २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फायद्याची ठरली आहे. आईचं मूत्रपिंड आणि रक्त पाहता ती तिला लागू पडते का, हे डॉक्टरच ठरवतील.

मामांच्या दोन सूचना. पिशवी काढणं या स्टेजला उपयोगाचं नाही. ३बी म्हणजे रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेला आहे किंवा त्यानं मूत्रवाहिनी दाबली आहे. चाकूनं तो पुरता निघत नाही. वर जखम भरेपर्यंत शेक लांबतो आणि शेवटी दोन्हींचा त्रास भोगावा लागतो. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगायला हवं : अंगावरून जातंय म्हणून पिशवी काढायला कुणी सुचवलं, तर आधी पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली आहे का ते विचारा. आत कॅन्सर आहे हे न कळता साधी पिशवी काढलेल्या बायकांचे पुढचे उपचार फार अवघड होऊन बसतात.

मुंबईचा विचार वाईट नाही, पण आईसाठीचा ठराविक उपचार तिथेही हाच असेल : २५ शेक, सिस्प्लॅटिन, आतला शेक. तिथे नंबर लागायला जाणारे दिवस आणि दोन महिने परक्या शहरात राहणं हे त्यात धरा. मामांच्या मनाचं समाधान हवं असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्याशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागद पाठवून मत घेता येतं. मत येईपर्यंत इथला शेक थांबवू नका. गोव्यात आतल्या शेकाची तारीख वेळेत मिळत नसेल, तर मात्र मुंबईचा विचार नक्की करा. मग सुरुवातीपासूनच तिथे राहायची तयारी ठेवा. कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत भाड्याची सवलत असते, इस्पितळातून तिचा दाखला घ्या.

गोवा नकाशावर लहान दिसतो. पण सत्तरीतल्या वाड्यावरून पणजीच्या बाजूला दोन बस बदलून, पावसात, रोज जाऊन येणं म्हणजे आजारी बाईचा अख्खा दिवस. पंचवीस वेळा. पणजी, ताळगाव, मेरशी या बाजूला कुणी नातेवाईक असेल तर पाच आठवडे सोमवार ते शुक्रवार तिथे राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी, असं मागून पाहा. माणसं नाही म्हणतील असं आपणच ठरवून टाकतो. ते जमलं नाही तर सोबतीची पाळी लावा : भाऊ दोन दिवस, तुम्ही दोन दिवस, मामा एक दिवस. फाइल मात्र एकाच माणसाच्या ताब्यात हवी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड नूतनीकरण केलेलं आहे ना, ते आजच पाहा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंत आधार मिळतो, पण मुदत संपलेलं कार्ड ऐन वेळी अडवतं.

रोजच्या गोष्टींतली एक फार मोलाची : पाणी. शेकाच्या वेळी मूत्राशय भरलेलं असेल तर आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून केंद्रात पोचल्यावर आधी लघवी करून यायची, मग साधारण अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. रोज तेवढंच. हे घरून पिऊन निघायचं नाही, बसमध्ये जीव नकोसा होतो. आणि त्याच भीतीनं बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, सिस्प्लॅटिन चालू असताना ते धोक्याचं आहे. घरी परतल्यावर ते भरून काढायचं. रोजचं एकूण पाणी किती, हे मूत्रपिंडाच्या सुजेमुळे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासून अहवाल हातात ठेवा, नाहीतर अहवालासाठी ताटकळत तो आठवडा बुडतो. शेकाची जागा ठरवायला अंगावर काढलेल्या खुणा घासून धुवायच्या नाहीत.

उपचार श्रावणात येतील. आई मासे-अंडी बंद करत असेल तर नेमक्या या दिवसांत तिचं वजन उतरेल. तिची श्रद्धा मोडू नका, पण तिला विचारा, कदाचित ती स्वतःच म्हणेल की औषधपाण्याला नेम नसतो. तरी पाळायचंच असेल तर मुगाची डाळ, दही, पनीर रोजच्या जेवणात हवं. उपास मात्र नको. जुलाब सुरू झाले की उकड्या तांदळाची पेज, वरणाचं पाणी, केळं. कच्ची कोशिंबीर, पालेभाजी, तिखट आणि फणस बंद. डॉक्टरांनी दिलेली जुलाबाची गोळी आणि ओआरएस घरात ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला, रक्ताच्या गाठी पडायला लागल्या किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन.

वहिनीशी भांडू नका, तिला घाबरवलंय कुणीतरी. हा रोग ताटातून, कपड्यांतून, शेजारी झोपण्यातून लागत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत, आतल्या शेकातही स्रोत बाहेर काढल्यावर काही उरत नाही. नातवंडांनी आजीच्या मांडीवर बसावं. वहिनीला एकदा शेकाच्या दिवशी सोबत न्या, तिथल्या परिचारिकेकडून ऐकलं की तिची भीती जाईल. आणि गावात 'हा रोग असाच होत नाही' अशी कुजबुज असेल तर सगळ्यांना सांगा : तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, हा विषाणू लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. त्यावरून कुणाच्याही चारित्र्याचा माग काढता येत नाही. आईनं महिनोन्‌महिने रक्त लपवलं ते याच लाजेपायी.

उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी पहिली मोठी तपासणी असते. मग दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. पुन्हा रक्त, एकाच पायाला सूज, कंबरेतून पायात उतरणारी कळ, ही लक्षणं दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही. शेकानंतर योनीमार्ग आकसतो. तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर नावाचं साधं साधन आठवड्यात दोन-तीनदा वापरायला सांगतात. विधवा बाईला हे कशाला, असं म्हणून घरचे गाळतात. पण मार्ग बंद झाला तर डॉक्टरांना आत तपासताच येत नाही. हे तुम्हीच तिला समजावा, भावाला जमणार नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचातून थोडं रक्त आलं तर ते शेकाचंही असू शकतं. घाबरून न जाता दाखवायचं.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. हा रोग आईकडून मुलीला वारशानं येतो अशी भीती बाळगू नका, पण तुम्ही ३४ वर्षांच्या आहात आणि तपासणीचं वय तिसाव्या वर्षीच सुरू होतं. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ती तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. ती मिळाली नाही तर पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन करायची तपासणी) दर तीन वर्षांनी, किंवा व्हिनेगर लावून करतात ती साधी तपासणी, जी आरोग्य केंद्रातही होऊ शकते. वहिनीलाही सोबत न्या. तुम्हाला मुलगी असेल आणि ती ९ ते १४ वर्षांची असेल तर तिला एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा देतात. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी तिलाही करावी लागेल.